तुरीवरील पुटी-सूत्रकृमी

तुरीच्या मुळांवर उपजीविका करणारा एक परजीवी सूत्रकृमी. शास्त्रीय नाव हेटेरोडेरा कजानी. निमॅटोडा संघातील हेटेरोडेरिडी कुलात त्याचा समावेश होतो. मादीचे शरीर मृत्यूनंतर टणक व तपकिरी होऊन अंड्यांची थैली बनते. या थैलीस पुटी म्हणतात व तीवरूनच या गटाला पुटी-सूत्रकृमी हे नाव पडले आहे. भारतात या जातीचे स्वतंत्र वर्णन १९६७ मध्ये झाले. त्यापूर्वी तुरीच्या मुळांवरील या पुट्या दुसऱ्याच जातीच्या मानल्या जात. तूर हे प्रमुख कडधान्य असलेल्या मराठवाड्यातील, विशेषतः जालना जिल्ह्यासारख्या कोरडवाहू प्रदेशातील शेतीच्या दृष्टीने या कृमीची अचूक ओळख महत्त्वाची आहे. त्याच्यामुळे होणारी पिकाची हानी अवर्षण, जमिनीचा निकसपणा किंवा मर रोग यांच्या खाती जमा होण्याचा संभव असतो आणि कारण चुकले म्हणजे उपायही चुकतो.

स्वरूप व जीवनक्रम : सूत्रकृमी हे लांबट, दोऱ्यासारखे व बहुधा नुसत्या डोळ्यांना न दिसणारे प्राणी आहेत. वनस्पतींवर जगणाऱ्या जातींच्या मुखात सुईसारखी पोकळ मुखसूची असते. तिने कोशिकेची भित्ती भेदून आतील रस शोषला जातो. पुटी-सूत्रकृमीचा डिंभ अंड्यातच एकदा कात टाकतो आणि दुसऱ्या अवस्थेत अंड्याबाहेर पडतो. त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरहून कमी असते. जमिनीच्या कणांवरील पाण्याच्या पातळ थरातून तो मुळाकडे जातो, कोवळ्या मुळात शिरतो आणि वाहक ऊतकाजवळ एका जागी स्थिर होतो. त्याच्या लाळेच्या परिणामाने तेथील कोशिकांच्या भित्ती विरघळून एक मोठा बहुकेंद्रकी कोशिकासमूह तयार होतो. यापुढील त्याचे सर्व पोषण या समूहातूनच होते.

प्रौढ नराचा आकार दोऱ्यासारखा असतो व तो मुळाबाहेर पडतो. मादी मात्र फुगत जाते. तिचे डोके मुळात व उरलेले शरीर मुळाबाहेर, अशी तिची स्थिती असते. तुरीवरील जातीत मादी लिंबाच्या आकाराची, प्रथम पांढरी व नंतर पिवळसर होते. ती काही अंडी शरीरामागील चिकट द्रव्याच्या पिशवीत घालते व बाकीची शरीरातच राहतात. ती मेल्यावर तिची उपत्वचा तपकिरी व चिवट बनते आणि पुटी मुळापासून सुटून मातीत पडते. पिकाची कापणी झाली, जमीन तापली, भेगाळली तरी पुटीतील अंडी टिकून राहतात. पुढील पावसात ओल मिळताच त्यांतील डिंभ बाहेर येऊ लागतात. सु. २९° से. तापमानात हा सर्व जीवनक्रम १६ दिवसांत पुरा होतो. हिवाळ्यात त्याला दीड महिन्याहून अधिक काळ लागतो. यूरोपातील थंड हवामानात पुटी-सूत्रकृमींच्या वर्षाला एक-दोनच पिढ्या होतात, तर भारतात तुरीच्या एका हंगामात या जातीच्या अनेक पिढ्या होऊ शकतात.

यूरोपातील प्रारंभ : वनस्पतींवरील सूत्रकृमींचा शोध गव्हाच्या विकृत दाण्यांतून लागला. जॉन टर्बरव्हिल नीडम या इंग्रज निरीक्षकांनी १७४३ मध्ये असे काळपट दाणे पाण्यात फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा आतील तंतू हालू लागलेले त्यांना दिसले. जमिनीतून मुळांवर हल्ला करणाऱ्या कृमींकडे मात्र त्यानंतर शतकभराने लक्ष गेले. एम. जे. बर्क्ली यांनी १८५५ मध्ये इंग्लंडमधील काचगृहातील काकडीच्या मुळांवरील गाठींत सूत्रकृमी असल्याचे दाखविले.

पुटी-सूत्रकृमींचा इतिहास बीटसाखरेच्या धंद्याशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत शुगर बीटची लागवड झपाट्याने वाढली. कारखान्यांच्या परिसरात त्याच शेतात वर्षानुवर्षे तेच पीक घेतले जाऊ लागले. काही वर्षांनी उत्पादन घटू लागले व झाडे खुरटली. शेतकरी या स्थितीला जमिनीचा थकवा म्हणत. जमिनीतील पोषकद्रव्ये, विशेषतः पोटॅश, संपल्यामुळे असे घडते, अशी त्या काळच्या रसायनज्ञांची धारणा होती. हेरमान शाख्ट यांना १८५९ मध्ये अशा बीटच्या मुळांवर बारीक पांढरे ठिपके आढळले. ते सूत्रकृमींच्या फुगलेल्या माद्या होत्या. शाख्ट यांच्या स्मरणार्थ ए. श्मिट यांनी १८७१ मध्ये या जातीला हेटेरोडेरा शाख्टी असे नाव दिले. हाले येथील यूलिउस क्यून यांनी पुढे दीर्घकाळ प्रयोग करून जमिनीचा थकवा हा खतांच्या उणिवेमुळे नसून या कृमीमुळे येतो हे दाखवून दिले. कृमींना मुळांत येऊ देऊन त्यांची वाढ पुरी होण्यापूर्वीच झाडे उपटून टाकावयाची, ही सापळा-पिकांची पद्धत त्यांनीच सुचविली. कार्बन डायसल्फाइडाची धुरी देण्याचे प्रयोगही त्यांनी केले.

या घटनेतून पुढील संशोधनाला एक धडा मिळाला. जमिनीत पुरेसे खत आहे किंवा नाही, हा प्रश्न विचारण्यापूर्वी झाडाची मुळे पाहणे आवश्यक ठरले. पहिली काही दशके बहुतेक सर्व पिकांवरील पुट्या एकाच जातीच्या मानल्या जात. ओट, वाटाणा, बटाटा यांवर पुट्या सापडल्या तेव्हा त्या बीटवरील जातीच्याच वेगळ्या वंशाच्या समजल्या गेल्या. वाटाण्यावरील जातीला लीबशर यांनी १८९२ मध्ये वेगळे नाव दिले. बटाट्यावरील जातीचे वर्णन व्होलेनवेबर यांनी १९२३ मध्ये केले आणि पुढील वर्षी तृणधान्यांवरील जात वेगळी केली. जपानात सोयाबीनवर १९१५ मध्ये आढळलेल्या पुटी-सूत्रकृमीचे जातिनाम (हेटेरोडेरा ग्लायसिनीज) इचिनोहे यांनी १९५२ मध्ये निश्चित केले. म्हणजे नोंद आणि नेमकी ओळख यांत सदतीस वर्षे गेली.

ओळखण्याच्या पद्धतींचा विकास : पुटी मातीतून वेगळी काढणे व काढलेल्या पुटीची जात ठरविणे, अशा दोन टप्प्यांत ही प्रगती झाली. अमेरिकन शास्त्रज्ञ नेथन ऑगस्टस कॉब यांनी १९१८ मध्ये माती पाण्यात ढवळून, जड कण खाली बसू देऊन वरचे पाणी क्रमाने बारीक होत जाणाऱ्या चाळण्यांतून ओतण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजही प्रयोगशाळांतून ती थोड्याफार फरकाने वापरली जाते. डी. डब्ल्यू. फेनविक यांनी १९४० मध्ये खास पुट्यांसाठी एक पात्र तयार केले. हे पात्र वर निमुळते असून त्याच्या तोंडाभोवती उतरती पन्हळ असते. वाळलेल्या मातीवर पाण्याचा झोत सोडला म्हणजे आत हवा असलेल्या हलक्या पुट्या काडीकचऱ्याबरोबर तरंगत वर येतात व पन्हळीतून चाळणीवर पडतात. माती प्रथम सावलीत पूर्ण वाळविणे हे या पद्धतीचे मर्म आहे. ओल्या मातीतील पुट्या जड असल्याने तळाशी राहतात.

जात ठरविण्यासाठी प्रारंभी केवळ आश्रयी वनस्पतीवर भिस्त ठेवली जात असे. बीटवरची ती बीटची, ओटवरची ती ओटची, असा हा हिशेब होता. परंतु एका जातीचे अनेक आश्रयी असू शकतात आणि एकाच शेतात दोन जाती नांदू शकतात, हे लक्षात आल्यावर पुटीच्याच रचनेकडे लक्ष वळले. इंग्लंडमधील मेरी टी. फ्रँक्लिन यांनी १९५१ मध्ये पुटी करणाऱ्या जातींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कॅनडातील आर. एच. मलव्ही यांनी १९७२ मध्ये पुटीच्या मागील टोकावरील शंकूच्या रचनेवर आधारलेली ओळखीची पद्धत मांडली. या शंकूच्या शेंड्यावर जननरंध्र असते व त्याच्या दोन्ही बाजूंची उपत्वचा इतकी पातळ असते, की पुटी जुनी झाल्यावर ती झडून तेथे भोके पडतात. या भोकांना गवाक्षे म्हणतात. काही जातींत मधला पूल अरुंद असल्याने दोन अर्धगवाक्षे जवळजवळ असतात, काहींत ती एकमेकांपासून दूर व स्वतंत्र असतात, तर बटाट्यावरील गोल पुटीत एकच वर्तुळाकार गवाक्ष असते. गवाक्षांच्या आतील बाजूस असणारा अधःसेतू आणि बुली या नावाने ओळखले जाणारे गडद फुगीर उंचवटे यांचाही उपयोग होतो. बटाट्यावरील गोल पुट्यांचा गट १९७५ मध्ये ग्लोबोडेरा या स्वतंत्र वंशात घालण्यात आला.

केवळ नामकरणापुरता हा प्रश्न नाही, हे बटाट्याच्या उदाहरणावरून कळून येते. बटाट्यावर एकच पुटी-सूत्रकृमी आहे असे समजून त्यास प्रतिरोधक वाण यूरोपात तयार करण्यात आले. परंतु काही शेतांत या वाणांवरही पुट्या वाढतच राहिल्या. कारण तेथे दुसरीच जात होती. तिचे ग्लोबोडेरा पॅलिडा या नावाने प्रसिद्ध असलेले स्वरूप १९७३ मध्ये स्टोन यांनी वर्णिले.

भारतातील इतिहास : भारतातील पहिली नोंद सी. ए. बार्बर यांची आहे. त्यांना १९०१ मध्ये दक्षिण भारतातील चहाच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आढळले. पुटी-सूत्रकृमींकडे लक्ष जाण्यास त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला. राजस्थानात नीम का थाना परिसरात गहू व जव ही पिके ठिकठिकाणी पिवळी पडून खुरटत. शेतकरी या विकाराला मोल्या म्हणत. तो तृणधान्यांवरील पुटी-सूत्रकृमीमुळे होतो हे १९५८ मध्ये उघडकीस आले. एफ. जी. डब्ल्यू. जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांना १९६१ मध्ये निलगिरीतील बटाट्याच्या शेतांत सोनेरी पुट्या आढळल्या. त्यानंतर तेथील बियाण्याच्या बटाट्यांची अन्यत्र वाहतूक करण्यावर निर्बंध घालण्यात आले. सिमला येथील केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने विकसित केलेला व बटाट्यावरील दोन्ही जातींना प्रतिरोधक असलेला कुफरी स्वर्णा हा वाण १९८५ मध्ये प्रसारित झाला.

या दोन शोधांमुळे देशात या विषयाला चालना मिळाली. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९६६ मध्ये सूत्रकृमिविज्ञानाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. भारतीय सूत्रकृमिविज्ञान संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली व तिचे नियतकालिक १९७१ पासून निघू लागले. पिकांवरील सूत्रकृमींविषयीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९७७ मध्ये हाती घेण्यात आला. महाराष्ट्रात राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात त्याचे केंद्र आहे.

तुरीवरील जातीचा शोध : तुरीच्या मर रोगाचा अभ्यास ई. जे. बटलर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात केला होता आणि १९१० पर्यंत त्यास कारणीभूत असलेली फ्युजेरियम उडम ही कवक जात ज्ञात झाली होती. तुरीच्या त्याच मुळांवरील पुट्या मात्र आणखी पन्नास वर्षे दुर्लक्षित राहिल्या. त्या १९६४ मध्ये प्रथम नोंदविल्या गेल्या त्या क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकावरील हेटेरोडेरा ट्रायफोली या यूरोपीय जातीच्या म्हणून. दोन्ही वनस्पती शिंबावंत कुलातील असल्याने हा समज स्वाभाविक होता.

भारतीय कृषी संशोधन संस्थेतील पी. के. कोशी यांनी या पुट्यांचा बारकाईने अभ्यास केला. क्लोव्हरवरील जातीत नर क्वचितच आढळतात व माद्या नराविनाच प्रजनन करतात. तुरीवरील कृमीत नर नेहमी व पुष्कळ संख्येने सापडतात. मादीमागील अंड्यांची मोठी चिकट पिशवी, पुटीच्या शंकूची रचना आणि डिंभाची मापे यांतही फरक दिसून आला. यावरून कोशी यांनी १९६७ मध्ये ही जात नवीन ठरवून तुरीच्या कजानस या वंशनामावरून तिला कजानी हे जातिनाम दिले. पुढील वर्षी अलाहाबाद येथे चवळीवर सापडलेल्या पुटी-सूत्रकृमीला हेटेरोडेरा व्हिग्नी हे वेगळे नाव देण्यात आले. तथापि ती जात तुरीवरील जातीहून भिन्न नाही, असे पुढे ठरले. त्यामुळे तूर व चवळी यांवरील पुटी-सूत्रकृमी एकच आहे, ही शेतीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. मूग, उडीद, मटकी, गवार व तीळ यांवरही ही जात वाढते. याच सुमारास राजस्थानातील मक्यावरील हेटेरोडेरा झी या जातीचे आणि १९८२ मध्ये ज्वारीवरील हेटेरोडेरा सॉर्घी या जातीचे वर्णन झाले.

हैदराबादजवळील पाटनचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या अर्धशुष्क उष्ण कटिबंधीय पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत (इक्रिसॅट) तुरीवरील सूत्रकृमींचा पद्धतशीर अभ्यास झाला. महाराष्ट्रासह तूर पिकविणाऱ्या अनेक राज्यांत ही जात आढळली असून भारतातील तुरीच्या महत्त्वाच्या सूत्रकृमींत तिची गणना होते.

जालना जिल्हा : पूर्वीच्या औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील प्रदेश वेगळा काढून १ मे १९८१ रोजी हा जिल्हा निर्माण करण्यात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा हे त्याचे आठ तालुके आहेत. दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते आणि पूर्णा व दुधना या जिल्ह्यातील अन्य प्रमुख नद्या होत. जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणापासून बनलेली आहे. नद्यांच्या काठी ती खोल व भारी, तर टेकड्यांच्या उतारांवर उथळ व हलकी आहे. पावसाचे सरासरी मान वर्षाला सु. ६५०–७५० मिमी. असले, तरी तो अनिश्चित आहे. १९७२ आणि २०१२ या वर्षांच्या दुष्काळांची तीव्र झळ या भागाला लागली.

अशा हवामानात तूर हे भरवशाचे पीक मानले जाते. तिचे सोटमूळ खोल जाते व पाऊस ओसरल्यावरही खालच्या ओलीवर ती तग धरते. पूर्वी ज्वारी, बाजरी किंवा कापूस यांच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ पेरली जाई. मूग व उडीद ही लवकर येणारी पिकेही याच शेतांत होत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सोयाबीनचा प्रसार होऊन खरीप ज्वारीचे क्षेत्र आक्रसले व तुरीची ओळ सोयाबीनमध्ये पडू लागली. मूग, उडीद, चवळी व तूर ही चारही पिके एकाच कृमीचे आश्रयी आहेत. कडधान्यामागून कडधान्य घेतले तर जमिनीला नत्र मिळते, पण कृमी असलेल्या शेतात त्यालाही खंड न पडता अन्न मिळत राहते. शेतकऱ्याच्या भाषेत एरवी चांगला समजला जाणारा कडधान्याचा बेवड येथे घातक ठरतो. मध्ये येणारे ज्वारी किंवा बाजरीचे पीक ही साखळी तोडते.

जालना–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील बदनापूर येथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९७२, २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) कृषी संशोधन केंद्र असून ते तुरीच्या वाणांसाठी प्रसिद्ध आहे. बीडीएन-१ व बीडीएन-२ यांपासून बीडीएन-७०८ व बीडीएन-७११ यांपर्यंतचे वाण तसेच बीएसएमआर-७३६ व बीएसएमआर-८५३ हे वाण या केंद्राने दिले. मर व वांझ या दोन रोगांना तोंड देणारे आणि कमी पावसात लवकर पक्व होणारे वाण शोधणे, हा तेथील कार्याचा मुख्य रोख राहिला आहे. मर रोगास प्रतिरोधक वाण असूनही एखाद्या शेतातील झाडे मरू लागली, तर त्याचे एक कारण मुळाशी असू शकते. पुटी-सूत्रकृमीने पोखरलेल्या मुळांत फ्युजेरियम कवकाला शिरकाव मिळतो व दोन्ही एकत्र असता मर रोग वाढतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून वाणाची पारख करतानाही त्या जमिनीत कोणते सूत्रकृमी आहेत हे माहीत असावे लागते.

शेतातील ओळख : जमिनीवर दिसणारी लक्षणे फसवी असतात. झाडांची उंची कमी राहते, पाने लहान व पिवळसर होतात, फुले व शेंगा कमी धरतात. ही चिन्हे पाण्याच्या ताणातही दिसतात. पुटी-सूत्रकृमीचा प्रादुर्भाव शेतभर सारखा नसून ठिकठिकाणी गोल किंवा लांबट पट्ट्यांत असतो आणि हे पट्टे वखर व नांगर यांच्या दिशेने दरवर्षी थोडे थोडे पसरतात. हा पहिला संकेत होय. पाऊस समाधानकारक असूनही तेच पट्टे खुरटलेले राहिले, तर संशय बळावतो.

खात्रीसाठी मुळे पाहावी लागतात. पेरणीनंतर सु. ३०–३५ दिवसांनी रोप न उपटता कुदळीने मातीसकट काढून पाण्यात हलक्या हाताने धुतल्यास कोवळ्या मुळांवर टाचणीच्या डोक्याहून लहान असे मोत्यासारखे पांढरे दाणे दिसतात. यावरून या विकारास इंग्रजीत मोतीमुळाचा रोग या अर्थाचे नाव आहे. रोप ओढून काढल्यास हे दाणे मातीत गळून पडतात व मुळे निर्दोष भासतात. तुरीच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या जीवाणूंच्या उपयुक्त गाठीही असतात. त्या पुष्कळ मोठ्या असून कापल्यास आत गुलाबी दिसतात. मूळगाठी सूत्रकृमींच्या गाठी म्हणजे मुळाचाच फुगलेला भाग असतो व तो खरवडून वेगळा होत नाही. याच पिकावर आढळणाऱ्या वृक्काकार सूत्रकृमीच्या अंडपुंजांना मातीचे कण चिकटतात व धुतल्यावरही मूळ मळकट दिसते. मोत्याचे मूळ, गाठीचे मूळ व मळकट मूळ हा भेद शेतातच करता येतो, मात्र त्यासाठी पिकाची नेमकी अवस्था साधावी लागते. पीक पक्व झाल्यावर पांढऱ्या माद्या तपकिरी होऊन गळतात आणि मग माती तपासण्यावाचून मार्ग उरत नाही.

प्रयोगशाळेतील ओळख : मातीचा नमुना एका जागेचा घेत नाहीत. शेतात नागमोडी फिरून अनेक ठिकाणी मुळांच्या परिसरातील सु. १५–२० सेंमी. खोलीपर्यंतची माती घेतात, ती एकत्र मिसळतात व त्यातील थोडी माती तपासणीस वापरतात. काळ्या भारी मातीत एक वेगळी अडचण येते. तिचे चिकणकण पुट्यांना धरून ठेवतात व चाळणीची छिद्रे बुजवितात. म्हणून वाळलेली ढेकळे पाण्यात बराच वेळ भिजत ठेवून, जरूर तर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटासारखे कण विलग करणारे द्रव्य घालून माती सुटी करावी लागते. चाळणीवरील गाळ गाळण-कागदावर पसरून द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तणांचे बारीक बी, कवकांचे गोळे व कीटकांची अंडी पुटीसारखीच दिसतात. पुटी मानेच्या निमुळत्या टोकावरून व सुईने फोडल्यावर बाहेर पडणाऱ्या अंड्यांवरून ओळखू येते.

त्यानंतर पुटीचे मागील टोक धारदार पात्याने कापून, स्वच्छ करून काचपट्टीवर ग्लिसरीन जेलीत बसवितात. तुरीवरील जातीत दोन अर्धगवाक्षे अरुंद पुलाने विभागलेली असून अधःसेतू व बुली दोन्ही असतात. मक्यावरील जातीत अधःसेतूच्या लगत खाली बोटांसारख्या चार बुली असतात. गव्हावरील जातीत गवाक्षे स्वतंत्र असून अधःसेतू नसतो. तूर, मका व गहू फेरपालटाने येणाऱ्या शेतात हा फरक निर्णायक ठरतो, कारण मातीत सापडलेली प्रत्येक पुटी तुरीला अपायकारक असते असे नाही. सोयाबीनवरील परदेशी जातीची रचना तुरीवरील जातीशी पुष्कळ जुळते, त्यामुळे सोयाबीनच्या प्रदेशात अधिक सावधगिरी आवश्यक आहे. १९९० नंतर रिबोसोमी डीएनएच्या ठराविक खंडांची तुलना करून जात ठरविण्याच्या पद्धती प्रचारात आल्या आणि सदृश जातींचा भेद अधिक खात्रीने करता येऊ लागला. तथापि रेणवीय तपासणीसाठीही योग्य वेळी व योग्य रीतीने घेतलेला मातीचा नमुनाच लागतो.

ओळखीचे फलित : कोरडवाहू तुरीला सूत्रकृमिनाशके परवडत नाहीत व त्यांच्या वापरात धोकाही आहे. म्हणून पेरणीपूर्वीचे निर्णय हाच मुख्य उपाय होय. पुट्या तुरीच्या जातीच्या आहेत असे ठरल्यास त्या शेतात एक-दोन हंगाम मूग, उडीद, चवळी, गवार व तीळ टाळून ज्वारी, बाजरी यांसारखी तृणधान्ये घेतात. उन्हाळी नांगरटीने वर आलेली माती चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापते व पुट्यांची संख्या घटते. पारदर्शक प्लॅस्टिकच्या चादरीखाली ओली जमीन तापविल्यास तुरी व हरभऱ्यावरील सूत्रकृमी कमी होतात, असे इक्रिसॅटमध्ये आढळले. ही रीत लहान रोपवाटिकेस किंवा प्रयोगक्षेत्रास सोयीची असून मोठ्या शेतास खर्चाची आहे. लागवडीखालील तुरीत या कृमीस प्रतिरोध विरळा असून तुरीच्या काही वन्य सजातीयांत तो आढळला आहे. रोगट पट्ट्यातील माती अवजारांना, बैलांच्या खुरांना व ट्रॅक्टरच्या चाकांना लागून दुसऱ्या शेतात जाते. त्यामुळे निरोगी भागाची मशागत आधी व रोगट पट्ट्याची शेवटी करणे हितकारक असते.

बीटच्या थकलेल्या जमिनीपासून तुरीच्या मोतीमुळापर्यंतच्या या इतिहासात एकच अनुभव पुन्हा पुन्हा आलेला दिसतो. खुरटलेल्या पिकाचा दोष आधी जमिनीला, मग पावसाला व बियाण्याला दिला गेला आणि मुळे पाहिल्यावर खरे कारण कळले. पाऊस कमी पडणे हे जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या हातचे नाही. परंतु चांगल्या पावसाच्या वर्षीही तुरीचा एखादा पट्टा खुरटला, तर पेरणीनंतरच्या पाचव्या आठवड्यात चार रोपे काळजीपूर्वक खणून पाहणे त्याला शक्य आहे. पुढील हंगामात त्या पट्ट्यात काय पेरावयाचे, हे त्या मुळांवरून ठरते.